गळ्यावर गाठ आढळली, तज्ज्ञांची भेट १९ दिवसांनी

निरभ्र (मूळ लेख)

गेल्या मंगळवारी सकाळी आरशासमोर केस बांधताना मान मागे झुकली आणि गळ्याच्या तळाशी, मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे, त्वचेखाली एक उंचवटा दिसला. आवंढा गिळला तसा तो वर सरकला आणि पुन्हा जागेवर आला. बोट लावून पाहिले तेव्हा मोठ्या मण्याएवढे, गुळगुळीत आणि रबरासारखे काहीतरी हाताला लागले. दुखत मुळीच नव्हते. ते तिथे किती दिवसांपासून आहे हे मला सांगता येत नाही आणि सगळ्यांत जास्त हीच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ज्या गळ्यावरून रोज हात फिरतो तिथली गाठ आपल्याला कळली नाही, मग आणखी काय काय कळले नसेल, हा विचार एकदा सुरू झाला की आवरत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या पाठीमागे उभे राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा तपासला, पाण्याचा घोट घ्यायला सांगितला, जीभ बाहेर काढायला सांगितली आणि मग मानेच्या दोन्ही बाजू व गळपट्टीच्या हाडांवरचे खळगे चाचपून पाहिले. थायरॉइडमध्ये गाठ दिसते, बहुधा काळजीचे कारण नसावे, पण तज्ज्ञांनी पाहायलाच हवे, असे त्यांनी सांगितले. टीएसएचची रक्ततपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी लिहून दिली. रक्ताचा अहवाल काल आला आणि टीएसएच सामान्य आहे. सोनोग्राफी पाच दिवसांनी आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांची वेळ मात्र १९ दिवसांनंतरची मिळाली आहे.

माझे वय ४१ आहे. घरी पती आणि बारा वर्षांची मुलगी आहे. पतींना सर्व ठाऊक आहे, मुलीला थोडेसे सांगितले आहे आणि आईला अजून काहीच सांगितलेले नाही. टीएसएच सामान्य आल्यामुळे मी निश्चिंत व्हावे का, १९ दिवस थांबणे सुरक्षित आहे का आणि या दिवसांत माझ्याकडून काही करण्यासारखे आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. निदान सांगा असा माझा आग्रह नाही, कारण ते इथे बसून कोणालाच सांगता येणार नाही, हे मला समजते.

उंबरठा

मी अनेक वर्षे सामान्य रुग्णांची तपासणी केली आहे आणि आता निवृत्त आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी काय केले ते आधी उलगडून सांगतो. थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला घट्ट बांधलेली असते, त्यामुळे गिळताना स्वरयंत्र वर गेले की ग्रंथी आणि तिच्यातली गाठही वर जाते. पाणी पाजून त्यांनी हेच पाहिले. जीभ बाहेर काढताना जी गाठ वर ओढली जाते ती बहुधा थायरॉइडच्या जन्मपूर्व प्रवासाच्या मार्गात उरलेल्या नळीची पाणगाठ असते, म्हणून ती दुसरी परीक्षा. मानेच्या बाजू आणि गळपट्टीच्या हाडांवरचे खळगे चाचपले ते लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का हे पाहण्यासाठी. पाच मिनिटांत त्यांनी बरेच काही तपासले आहे आणि ते नीट केले आहे.

टीएसएचविषयी एक गैरसमज फार आढळतो. ग्रंथी पुरेसे काम करते का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ती तपासणी देते. गाठ कसली आहे हे ती सांगत नाही. निरुपद्रवी गाठी असलेल्या बहुतेकांचे टीएसएच सामान्य असते आणि थायरॉइडचा कर्करोग असलेल्या बहुतेकांचेही सामान्यच असते. टीएसएच कमी आले असते तर गाठ स्वतःच जास्तीचे संप्रेरक तयार करते का, हे पाहण्यासाठी किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन करावा लागला असता आणि तशी गाठ क्वचितच कर्करोगाची असते. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता १९ दिवसांचा प्रश्न. आयोडीनची कमतरता नसलेल्या प्रदेशांतही सुमारे ५ टक्के स्त्रियांच्या आणि १ टक्का पुरुषांच्या थायरॉइडमध्ये हाताला लागणारी गाठ असते. सोनोग्राफीने पाहिले तर हे प्रमाण कितीतरी अधिक निघते आणि वयाबरोबर वाढत जाते. या गाठींपैकी साधारण १० पैकी ९ कर्करोगाच्या नसतात. ज्या असतात त्यांतल्याही बहुतेक इतक्या सावकाश वाढतात की तीन आठवड्यांनी उपचाराच्या फलितात फरक पडत नाही. मात्र काही लक्षणे दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. गाठ दिवसागणिक वाढताना दिसणे, सर्दी-खोकला नसताना आवाज बसणे आणि तसाच राहणे, घास किंवा पाणी अडकणे, मानेच्या बाजूला टणक गाठी लागणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी फोन करून वेळ अलीकडे आणून घ्यावी. श्वास घेताना घरघर होऊ लागली किंवा दम कोंडू लागला तर सरळ तातडीच्या विभागात जावे. आवाजावर माझा भर आहे, कारण स्वरयंत्राला जाणारी नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. उलट गाठ अचानक मोठी होऊन दुखू लागली, तर पुष्कळदा पाणगाठीत रक्तस्राव झालेला असतो. ते घाबरवणारे असले तरी बहुतेक वेळा धोक्याचे नसते. तरीही दाखवावे.

मधुमालती

माझ्या परिचयातल्या एका बाईंना अशाच गाठीसाठी आयोडीनचे थेंब घेण्याचा आणि रोज हलक्या हाताने मालिश करण्याचा सल्ला मिळाला होता व त्यांना बरे वाटले. तज्ज्ञांची वेळ येईपर्यंत करून पाहायला काय हरकत आहे?

उंबरठा

हरकत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तपासणी न करता घेतलेले जास्तीचे आयोडीन ग्रंथीचे काम दोन्ही दिशांनी बिघडवू शकते, विशेषतः आधीच गाठ असलेल्या ग्रंथीचे, आणि पुढे स्कॅन करायची वेळ आली तर त्याच्या निष्कर्षातही अडथळा आणते. मालिश केल्याने गाठ जिरत नाही, आजूबाजूचा भाग मात्र सुजून दुखू लागतो. आपला हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही.

निरभ्र

दोघांचेही आभार. मालिशचा विषय निघाला म्हणून कबूल करते, मी दिवसातून कितीतरी वेळा ती गाठ दाबून पाहते. कार्यालयात फोनवर बोलतानाही हात गळ्याकडे गेलेला असतो. काल रात्री ती मला मोठी वाटली, आज सकाळी लहान वाटली आणि आता ती जागा दुखते आहे. हे दुखणे गाठीचे की माझ्या बोटांचे, हेच कळेनासे झाले आहे.

संथपाणी

ते दुखणे बोटांचे असण्याचीच शक्यता जास्त. हे मी अनुभवावरून लिहिते. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या जागी होते आणि तज्ज्ञांनी गळा पाहिला तेव्हा तिथली त्वचा लाल झालेली पाहून त्यांनी आधी मला हात दूर ठेवायला सांगितले.

माझी गाठ कर्करोगाची निघाली होती. हे लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला, कारण वाट पाहणाऱ्या माणसाला कोणते वाक्य कुठे टोचेल हे सांगता येत नाही. पण ज्यांच्या गाठी निरुपद्रवी निघाल्या तेवढ्यांनीच लिहिले, तर तुमच्या मनातल्या दुसऱ्या शक्यतेशी कोणी बोलणारच नाही, आणि रात्री जाग येते ती त्याच शक्यतेमुळे. माझा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग होता. हा थायरॉइडच्या कर्करोगांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे आणि त्यातून बरे होणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे. अर्धी ग्रंथी काढली, गळ्यावर एक आडवी बारीक रेघ राहिली आणि आता मी वर्षातून एकदा तपासणीला जाते. मला गोळीही घ्यावी लागत नाही, कारण उरलेली अर्धी ग्रंथी पुरेसे काम करते. सर्वांच्या बाबतीत तसे होतेच असे नाही. माझ्या गाठीहूनही लहान, १ सेंटिमीटरपर्यंतच्या आणि कमी धोक्याच्या पॅपिलरी कर्करोगात शस्त्रक्रिया लगेच न करता केवळ लक्ष ठेवण्याची पद्धत जपानमधल्या कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ मध्ये सुरू केली आणि आता इतर देशांतही निवडक रुग्णांना तो पर्याय दिला जातो. तुम्हाला ज्या शब्दाची भीती वाटते आहे तो शब्द उच्चारला गेला तरी पुढे इतक्या वेगवेगळ्या वाटा असतात.

आता बोटांचे. मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: रविवारी सकाळी एकदा, आरशासमोर, पाण्याचा एक घोट घेऊन केवळ डोळ्यांनी पाहायचे, हात लावायचा नाही आणि जे दिसेल ते एका ओळीत वहीत लिहायचे. पहिला आठवडा फार जड गेला. पण रोज चाचपल्याने जे कधीच कळले नसते ते दोन रविवारच्या ओळी शेजारी ठेवल्यावर कळले, की गाठ होती तशीच आहे. त्याच वहीच्या मागच्या पानावर तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवा. समोर बसल्यावर एकही आठवत नाही.

जुईपान

मला इथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. १० पैकी ९ गाठी निरुपद्रवी असतात हे खरे आहे, पण आमच्या घरात याच वाक्याने एक वर्ष वाया गेले. माझ्या मोठ्या बहिणीच्या गळ्यावर गाठ होती. एका डॉक्टरांनी ती पाहून काही नसते, असे सांगितले आणि सोनोग्राफीही लिहून दिली नाही. ताईला ते ऐकायचेच होते, त्यामुळे तिने पुन्हा विचारले नाही. वर्षभराने आवाज बसला तेव्हा कुठे पुढच्या तपासण्या झाल्या आणि मग जी शस्त्रक्रिया करावी लागली ती आधी लागली असती त्याहून बरीच मोठी होती. ताई आज बरी आहे, पण तिचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. ती शाळेत शिकवत असे आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तिचा आवाज आम्हा सर्वांच्या ओळखीचा होता, म्हणून हे मला अजून सोसत नाही.

निरभ्र, तुमचे डॉक्टर म्हणाले ते मला योग्य वाटते: बहुधा काही नसावे, पण पाहायलाच हवे. यातला दुसरा भाग कोणाच्याही धीराच्या शब्दांमुळे गळू देऊ नका. सोनोग्राफी आणि ती भेट, दोन्ही ठरल्याप्रमाणे होऊ द्या. आणखी एक, वेळ देणाऱ्या कर्मचाऱ्यांना फोन करून रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव घालायला सांगा. यादी असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

निरभ्र

जुईपान, तुमच्या ताईंविषयी वाचून वाईट वाटले. आज सकाळी फोन करून यादीत नाव घातले आहे.

सोनोग्राफी झाली. अंधाऱ्या खोलीत मानेखाली उशी ठेवून डोके मागे झुकवले होते, त्यामुळे पडदा मला दिसत नव्हता, केवळ कळफलकाचा आवाज येत होता. गळ्यावरून ते यंत्र सरळ फिरत होते तोवर आवाज नव्हता. उजवीकडे येऊन ते थांबले आणि टिकटिक सुरू झाली. एक माप, दुसरे माप, तिसरे माप. मग यंत्र जरा वळवून पुन्हा तसेच. डावीकडे एकदाही टिकटिक झाली नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एवढेच सांगितले की अहवाल उद्या मिळेल आणि अर्थ तज्ज्ञ सांगतील.

अहवालात असे लिहिले आहे: उजव्या भागात १८ × ११ × ९ मिलिमीटर आकाराची घन गाठ, भोवतालच्या ग्रंथीसारखाच प्रतिध्वनी, कडा गुळगुळीत, आकार उंचीपेक्षा रुंद, चुन्याचे ठिपके नाहीत, मानेतल्या लसिका ग्रंथी सामान्य. वर्गवारी टिरॅड्स ३, किंचित संशयास्पद. हे शेवटचे दोन शब्द वाचून मी जिन्यातच बसले. आधीच्या सर्व ओळी चांगल्या वाटत असताना संशय नेमका कशाचा?

काचपट्टी

मी पेशी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गाठीतून सुईने घेतलेले नमुने काचपट्टीवर पसरून, रंगवून पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवण्याचे काम आमच्याकडे असते. सोनोग्राफी हा माझा विषय नसला तरी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर ही वर्गवारी असते, म्हणून सांगू शकते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेची ही पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत गाठीच्या पाच गोष्टींना गुण देतात: आतली रचना, प्रतिध्वनी, आकार, कडा आणि आतले चमकणारे ठिपके. तुमच्या गाठीला घन असल्याचे २ गुण आणि भोवतालासारख्या प्रतिध्वनीचा १ गुण मिळाला, बाकी तिन्ही ठिकाणी शून्य. बेरीज ३, म्हणून टिरॅड्स ३. उंचीने रुंदीपेक्षा जास्त असती तर त्या एकाच गोष्टीचे ३ गुण वाढले असते, बारीक चमकदार ठिपके असते तर आणखी ३. किंचित संशयास्पद हे त्या पायरीचे ठरलेले नाव आहे. तुमच्या गाठीकडे पाहून कोणाच्या मनात नवा संशय आला, असा त्याचा अर्थ नाही. हे नाव रुग्णांच्या हाती पडणार आहे, याचा विचार ठेवणाऱ्यांनी करायला हवा होता, असे मला नेहमी वाटते.

पुढे सुई टोचायची की नाही हे गुण आणि आकार मिळून ठरते. या पद्धतीत टिरॅड्स ३ असेल तर २.५ सेंटिमीटरपासून पुढे, टिरॅड्स ४ असेल तर १.५ पासून आणि टिरॅड्स ५ असेल तर १ सेंटिमीटरपासून सुई सुचवतात. तुमची गाठ १.८ आहे. त्यामुळे तज्ज्ञ कदाचित सुई नको म्हणतील, याची मनाची तयारी असू द्या, म्हणजे ते ऐकून गोंधळायला होणार नाही. अंतिम निर्णय अर्थातच त्यांचा, कारण तुमचा इतिहास त्यांच्यासमोर असेल.

आणि सुई टोचलीच, तर तेव्हाच्या प्रतीक्षेविषयी आताच सांगून ठेवते. सुई रक्त घेण्याच्या सुईपेक्षाही बारीक असते. काही काचपट्ट्या लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही हवेत सुकू देतात, कारण दोन्हींचे रंग वेगळे आणि त्यांतून दिसणाऱ्या गोष्टीही वेगळ्या. नमुना पुरेसा ठरायला थायरॉइडच्या पेशींचे किमान सहा पुंजके लागतात आणि प्रत्येक पुंजक्यात किमान दहा पेशी. तेवढ्या मिळाल्या नाहीत तर अशा नमुन्यांचे सहा वर्ग करणाऱ्या बेथेस्डा पद्धतीनुसार पहिला वर्ग लिहितात, ज्याचा अर्थ उत्तर मिळाले नाही एवढाच असतो. दुसरा वर्ग निरुपद्रवी, सहावा कर्करोगाचा. मधल्या तीन वर्गांत शंकेची मात्रा वाढत जाते. फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत सुईने निकाल लावताच येत नाही, कारण पेशींनी गाठीचे आवरण भेदले आहे का हे पाहायला संपूर्ण गाठच लागते. म्हणून अहवालाला उशीर झाला की लोक वाईट बातमीचा अंदाज बांधतात, तो बहुधा चुकीचा असतो. पुष्कळदा पॅथॉलॉजिस्टने ती काचपट्टी दुसऱ्या सहकाऱ्याला दाखवायला ठेवलेली असते आणि ही काळजी रुग्णाच्याच हिताची असते.

निरभ्र

हे वाचून जिन्यातून उठल्यासारखे वाटले. पण एक प्रश्न राहतो. सुई इतकी बारीक आहे आणि धोका कमी आहे, तर सर्वांनाच टोचून शंका एकदाची का मिटवत नाहीत?

उंबरठा

कारण शंका मिटतेच असे नाही, उलट नवी निर्माण होऊ शकते. काचपट्टी यांनी सांगितलेले मधले तीन वर्ग आठवा. त्यांतल्या कित्येकांवर निव्वळ शंकेपोटी शस्त्रक्रिया होते आणि काढलेली गाठ निरुपद्रवी निघते. दुसरे कारण दक्षिण कोरियात दिसले. तिथे १९९९ मध्ये कर्करोग शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण अनेक रुग्णालये ती जोडीला करून देऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले आणि त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना हे निदान मिळाले. पण त्या आजाराने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे जे कर्करोग कधीच त्रास देणार नव्हते ते शोधून काढले गेले, बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, अनेकांना आयुष्यभराची गोळी लागली आणि काहींच्या स्वराला किंवा कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना इजा झाली. आज सुई कोणाला टोचायची याचे इतके मोजमाप असते त्यामागे हा अनुभवही आहे.

याने जुईपान यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. त्यांच्या ताईंची सोनोग्राफीच झाली नव्हती आणि हाताला लागणाऱ्या गाठीची सोनोग्राफी व्हायलाच हवी. पाहून थांबणे आणि न पाहता थांबणे यांत फार अंतर आहे.

निरभ्र, एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल: जवळच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा आजार होता का, शस्त्रक्रिया झाली होती का, आणि लहानपणी तुमच्या मानेला किरणोपचार मिळाले होते का. ही उत्तरे बरोबर घेऊन जा. थायरॉइडच्या कर्करोगाचे काही प्रकार, विशेषतः मेड्युलरी, घराण्यात चालत येतात.

निरभ्र

उंबरठा यांचा प्रश्न वाचला आणि आईला सांगण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तिला त्रास नको म्हणून मी गप्प होते. खरे तर तिच्या चेहऱ्यावरची काळजी पाहण्याची माझीच तयारी नव्हती. काल संध्याकाळी सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग मला उजेडाकडे तोंड करून बसवले, पाण्याचा घोट घ्यायला लावला आणि गाठ वर सरकताना टक लावून पाहत राहिली.

नंतर ती म्हणाली, "तुझ्या मोठ्या मावशीचाही गळा कापला होता." मावशींच्या गळ्यावर एक आडवी खूण होती, हे मला लख्ख आठवते. लहानपणी मला ती घट्ट साखळीची वळी वाटायची. ती शस्त्रक्रियेची होती हे मला ४१ व्या वर्षी कळले. काय झाले होते, काय काढले होते, हे आईलाही ठाऊक नाही, त्या काळी घरात कोणी विचारलेच नाही. मावशी आता हयात नाहीत. मावसभावाला कागद शोधायला सांगितले आहे.

संथपाणी

कागद मिळाले नाहीत तरी एवढी माहिती तज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात सांगा. आणि भेटीला एकट्या जाऊ नका. मी एकटी गेले होते आणि अर्धे बोलणे माझ्या कानांवरून गेले.

निरभ्र

भेट झाली. एक वेळ रद्द झाल्याने चार दिवस आधीच बोलावणे आले, याचे श्रेय जुईपान यांना. पती बरोबर होते आणि वही त्यांच्या हातात होती.

तज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली. या वेळी पडदा माझ्याकडे वळवला होता. राखाडी ग्रंथीत तशाच राखाडी रंगाचा एक लंबगोल आणि भोवती बारीक काळसर रेघ. इतके दिवस जिची धास्ती घेतली ती हीच, यावर विश्वास बसेना. त्यांनी कागदावर पाच ओळी लिहून माझ्यासमोर गुण मांडले आणि बेरीज ३ च आली. सुई आता नको, एक वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, त्यानंतर तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, असे त्यांनी सांगितले. आवाज, गिळणे, श्वास आणि वेगाने वाढ, हीच लक्षणे त्यांनीही सांगितली. मावशींच्या शस्त्रक्रियेचे कळल्यावर मात्र ते थांबले, काही प्रश्न विचारले आणि रक्तातले कॅल्सिटोनिन तपासायला सांगितले, कारण मेड्युलरी कर्करोगात ते वाढते. त्यासाठी आणखी सहा दिवस गेले. आज सकाळी अहवाल आला. कॅल्सिटोनिन सामान्य आहे.

मी त्यांना विचारले होते की एक वर्ष ही गाठ गळ्यात घेऊन कसे राहायचे. ते म्हणाले की ती बहुधा कित्येक वर्षांपासून तिथे आहे आणि फरक एवढाच झाला आहे की आता तिचे माप आपल्याजवळ आहे. घरी येऊन वहीत १८ × ११ × ९ आणि तारीख लिहिली. पुढच्या वर्षीही शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी व्हावी, म्हणजे मापांची तुलना नीट होते, असे त्यांनी सांगितले आहे. तेही तिथेच लिहून ठेवले.

मावसभावाला जुन्या पेटीत रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला एक पिवळा पडलेला कागद मिळाला आहे. अक्षर पुसट आहे, पण एक ओळ वाचता येते: थायरॉइडची गाठ, निरुपद्रवी. त्याचे छायाचित्र मी तज्ज्ञांकडे पाठवले आहे आणि मूळ कागद आईने स्वतःजवळ ठेवून घेतला आहे.